एका कपाचं मशीन

आमच्या नातेवाइकांत या मशीनइतकी चर्चा माझ्या लग्नाचीही झाली नसेल. 2021 च्या हिवाळ्यात आम्ही लोझानमध्ये, म्हणजे स्वित्झर्लंडच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागात, घरासाठी कॅप्सूलवालं कॉफीचं मशीन घेतलं. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात नको. शंभर फ्रँकच्या आतलं, बुटाच्या खोक्याएवढं, काळं. धुळ्याच्या मावशीनं व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि पहिला प्रश्न टाकला, "नंदुरबारची पोरगी ना तू? मग चहा कुठे गेला?"

चहा कुठेही गेला नव्हता. शनिवार-रविवारी पातेलं चढतंच, आलं ठेचलं जातंच. पण कामाच्या दिवशी सकाळी आम्हा दोघांना वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या गाड्या पकडायच्या असतात. पातेल्यापाशी उभं राहून चहा उतू जाणार नाही याची राखण करायला त्या वेळी कुणी नसतं. मशीनला राखण लागत नाही. डबी टाकायची, दांडी खाली ओढायची, बटण दाबायचं, अर्ध्या मिनिटात कप तयार. घेण्यामागचं कारण एवढंच.

पण एखादी वस्तू घरात आली की ती कुठून आली हे शोधत बसायची मला खोड आहे. या डबीचा माग काढत गेले, तर वाट आधी इटलीत गेली, मग अरबस्तानात, तिथून सुरतेला आणि शेवटी चक्क नंदुरबारच्या वेशीपाशी येऊन उभी राहिली. ते सगळं बरेच दिवस लिहून ठेवायचं होतं. लेख लांबला आहे, तेव्हा चहा घेऊन बसा. :)

आधी डबीविषयी. अॅल्युमिनियमची, अंगठ्याएवढी. आत पाच-सहा ग्रॅम भाजून दळलेली कॉफी. दांडी ओढली की मशीनमधली पाती डबीच्या एका बाजूला भोकं पाडतात आणि त्यातून पंप गरम पाणी आत दाबतो. डबीच्या दुसऱ्या बाजूला पातळ पत्रा असतो. आत दाब वाढला की तो पत्रा मशीनमधल्या खाचांच्या जाळीवर टेकून फाटतो आणि कॉफी खाली येते. खोक्यावर 19 बार असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. एस्प्रेसोला खरं तर साधारण 9 बार पुरतात. 9 बार म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा जो दाब आहे त्याच्या नऊपट. पातेल्यातल्या चहाला यातलं काहीच लागत नाही, त्याला फक्त वेळ लागतो. इथेच मला पहिला धागा सापडला. ही सगळी यंत्रविद्या जन्माला आली ती वेळ वाचवायला.

1884 मध्ये इटलीतल्या तोरिनो शहरात आंजेलो मोरिओंदो नावाच्या माणसानं वाफेच्या जोरावर झटपट कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याचं यंत्र एका वेळी पुष्कळ कॉफी काढायचं, म्हणजे थोडक्यात आपल्या पातेल्याचंच भावंड. पुढे 1901 मध्ये मिलानच्या लुइजी बेझ्झेरानं त्यात मोठा फरक केला. त्याच्या यंत्रात कॉफी मुठीच्या एका छोट्या चाळणीत भरायची आणि थेट कपात उतरवायची, गिऱ्हाईक समोर उभं असताना. हे पेटंट देझिदेरिओ पावोनीनं विकत घेतलं आणि धंदा उभा केला. एस्प्रेसो या शब्दाचा अर्थ आपण 'झटपट' असा धरतो. तो आहेच. पण त्यात आणखी एक अर्थ दडलेला आहे: मागणाऱ्यासाठी खास, त्याच्यापुरती केलेली. आधी करून ठेवलेल्यातून ओतून दिलेली नव्हे.

वाफेचा दाब कमी असल्यामुळे त्या यंत्रांची कॉफी करपट लागायची म्हणतात. 1948 मध्ये आकिले गाज्जियाची दांड्याची यंत्रं बाजारात आली. दांडा खाली ओढून सोडला की आतली स्प्रिंग पाण्याला जोरानं रेटायची. त्या दाबानं कॉफीवर सोनेरी फेस आला. लोकांनी तो आधी कधी पाहिलेला नव्हता, त्यांना वाटलं हा काय मळ तरंगतोय! गाज्जियानं त्याचं नाव क्रेमा ठेवलं आणि मळाची साय झाली. (नावात काय आहे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

मग येतो आपला डबीवाला. एरिक फाव्र, स्विस इंजिनिअर, 1975 मध्ये नेस्ले कंपनीत लागला. त्याची बायको इटालियन. स्विस लोकांना कॉफी कळत नाही हे ती त्याला ऐकवत असे. ते दोघे इटलीत कॉफीच्या शोधात फिरले. रोममध्ये पँथिऑनजवळच्या सांत एउस्ताकिओ नावाच्या कॅफेसमोर गर्दी, बाकीच्यांकडे तेवढी नाही. यंत्रं तर सगळीकडे सारखीच. फरक असा निघाला की तिथला कारागीर दांडा एकदाच न ओढता पुन्हा पुन्हा हलवायचा. त्यामुळे कॉफीत हवा जास्त मिसळायची, फेस दाट यायचा. फाव्रनं घरी येऊन तो कारागीरच एका बंद डबीत बसवला. डबीत कॉफी, हवा आणि दाब. 1976 मध्ये पेटंट झालं. नेस्लेकडे तेव्हा नेसकॅफे होती, 1938 पासून जगभर जम बसलेली. स्वतःच्याच पावडरला स्पर्धक कोण उभा करील? डबी दहा वर्षं पडून राहिली.

1986 मध्ये नेस्प्रेसो ही वेगळी कंपनी निघाली. ऑफिसांना, हॉटेलांना मशीन विकायचं ठरलं आणि ते जमलं नाही. 1988 मध्ये जाँ-पॉल गायार नावाचा माणूस आला. त्यानं ऑफिसं सोडून घरांकडे मोर्चा वळवला, गिऱ्हाइकांचा क्लब काढला, मशीन दुसऱ्या कंपन्यांना करू दिलं आणि डबी मात्र आपल्याच हातात ठेवली. मशीन एकदाच विकलं जातं, डबी रोज. पुढे हाच गायार बाहेर पडला आणि त्यानं 2010 मध्ये त्याच मशीनमध्ये बसणाऱ्या स्वस्त डब्या बाजारात आणल्या! 2012 च्या सुमारास मूळची पेटंटं संपली. आता इथल्या प्रत्येक किराणा दुकानात त्या मापाच्या डब्यांची रांग लागलेली असते. अॅल्युमिनियमच्या कचऱ्याचा प्रश्न आहेच. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरानं 2016 मध्ये सरकारी पैशानं अशा डब्या घ्यायच्या नाहीत असा नियम केला. आमच्याकडे रिकाम्या डब्या वेगळ्या पिशवीत साठवून परत द्यायची सोय आहे, आणि आम्ही ती पाळतो.

असो. हा झाला यंत्राचा इतिहास, आणि तो पुष्कळांनी पुष्कळ ठिकाणी लिहिलेला आहे. मला खरं सांगायचं आहे ते पुढचं.

विल्यम फिंच नावाचा एक इंग्रज व्यापारी 1608 मध्ये सुरतेला उतरला. हॉकिन्सच्या जहाजावर होता तो. वाटेत जहाज सोकोत्रा बेटावर थांबलं. तिथे पाहुण्याला देतात ते काळं, कडवट, गरम गरम पेय फिंचनं आपल्या टिपणात लिहून ठेवलं आहे. ते कशाच्या फळापासून करतात, कुठून येतं, डोक्याला आणि पोटाला कसं बरं, हेसुद्धा. लंडनमध्ये पहिलं कॉफी हाउस निघालं 1652 मध्ये, म्हणजे याच्यानंतर चाळीसेक वर्षांनी. तर कॉफीविषयी लिहून ठेवणारा हा माणूस जानेवारी 1610 मध्ये सुरतेहून आग्र्याला निघाला. रस्ता कुठला? व्यारा, नंदुरबार, निमगूळ, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, बऱ्हाणपूर. आमचाच रस्ता! नंदुरबारविषयी तो लिहितो की गावाच्या अलीकडे बऱ्याच कबरी आणि विलासमहाल आहेत, गावात गढी आहे आणि छानसा तलाव आहे. याच वाटेवरच्या एका गावात मोहाची दारू मिळाली, ती त्याला फारशी मानवली नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाच्या वहीत मोह सापडला तेव्हा मला लोझानच्या लायब्ररीत एकटीलाच हसू फुटलं.

पाच वर्षांनी, 1615 मध्ये, सर टॉमस रो जहांगीर बादशहाच्या भेटीला याच वाटेनं गेला. त्याचा पाद्री एडवर्ड टेरी मागाहून आला. त्यानं नोंदवलं आहे की इथले धर्मनिष्ठ लोक दारूला शिवत नाहीत, ते कॉफी पितात. म्हणजे कॉफी आपल्याकडे इंग्रजांनी आणली हा समज साफ चुकीचा. इंग्रजांनी ती आपल्याकडे येताना पाहिली. सुरतेचे व्यापारी येमेनच्या मोखा बंदरात कापड नेत. तिथून परतताना चांदी आणत आणि कॉफी आणत. गुजरातीत कॉफीच्या बीला अजून बुंददाणा म्हणतात, तो अरबी बुन्न. आणि त्या कापडातलं बरंचसं खानदेशातून, बऱ्हाणपूरकडून, याच रस्त्यानं सुरतेला उतरे. 1666 मध्ये इंग्रजांनी नंदुरबारात वखारच घातली, इतकी ती पेठ चालती होती.

आता जरा नकाशावर बोट ठेवून बघा. कापड नंदुरबारवरून सुरतेला, सुरतेहून मोख्याला. कॉफी मोख्याहून सुरतेला आणि तिथून उत्तरेकडे, मोगलांच्या शहरांकडे. काही गोणी तरी याच बैलांच्या पाठीवरून आमच्या गावातून गेल्या असणार असं मला वाटतं. (याला पुरावा मागू नका, हा माझा अंदाज.) थांबली मात्र नाही. प्यायला आमच्याकडे मोह होता, ताक होतं, आणि कॉफी ही दरबाराची आणि सौदागरांची चीज होती.

कॉफीचं झाड मात्र भारतात राहिलं. बाबा बुदननी येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी डच लोकांनी 1696 मध्ये मलबारच्या किनाऱ्यावरून कॉफीची रोपं जावाला नेली हे पक्कं. ती वाहून गेली, म्हणून 1699 मध्ये पुन्हा नेली. जावाहून 1706 मध्ये एक झाड अॅम्स्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात आलं. त्याच्या वंशातलं एक 1714 मध्ये फ्रान्सच्या राजाला भेट गेलं, आणि तिथून पुढे कॅरिबियन बेटांवर. दक्षिण अमेरिकेतल्या कितीतरी मळ्यांचं कूळ या एका फांदीला जाऊन मिळतं. म्हणजे माझ्या ब्राझीलवाल्या डबीत जे पाच ग्रॅम आहेत त्यांची पणजी मलबारची असू शकते. मावशीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग माहेरी आली म्हणायची." मी म्हटलं, मावशी, ती स्वित्झर्लंडला आली आहे. तर म्हणते, "तुझ्याकडे आली ना? झालं तर."

महाराष्ट्रात कॉफी पिकते ती चिखलदऱ्याला, अमरावती जिल्ह्यात. आमचं तोरणमाळही सातपुड्याचंच, उंचीही साधारण तशीच, हजार मीटरच्या वर. पण आमच्याकडे परदेशातून येऊन जे रुजलं ते दुसरंच पीक: मिरची. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात अमेरिकेतून आणलेली. आज नंदुरबारची ओळख सांगायची तर आधी मिरचीचा बाजार सांगावा लागतो. हिवाळ्यात गावाबाहेर पथारींवर लाल मिरची वाळत घातलेली असते आणि गाडीतून उतरताच माणूस शिंकायला लागतो.

आणि चहा? चहा आला रेल्वेनं. 1900 च्या आसपास सुरतेहून तापी व्हॅली रेल्वे आली, नवापूर, नंदुरबार करत अमळनेरकडे गेली. फिंचची वाट आता रुळांवर आली. (याच लाइनीवरचं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकाचीसुद्धा वाटणी झालेली आहे.) 1903 मध्ये सरकारनं चहावर एक कर बसवला, चहाचा प्रचार करण्यासाठी. त्या पैशातून पुढे कारखान्यांत, बाजारांत, स्टेशनांवर चहाचे ठेले निघाले, चहा कसा करावा याच्या पाट्या लागल्या. आपल्या लोकांनी चहा घेतला आणि पाट्या सोडून दिल्या. दूध वाढवलं, साखर वाढवली, आलं घातलं, पत्ती कमी केली. प्रचारकांना हे आवडलं नाही, कारण पत्ती कमी खपते! मग 1930 च्या सुमारास आसामात मॅकर्चर नावाच्या माणसानं चहाची पानं चुरडून त्याचे दाणे करणारं यंत्र काढलं. त्याची सीटीसी चहा पत्ती स्वातंत्र्यानंतर देशभर पसरली. कडक, रंगाला गडद, आणि मुख्य म्हणजे थोडीशी टाकली तरी पुष्कळ कप होणारी. गरिबाला परवडणारा चहा तो हाच.

पुष्कळ कप होणारी. हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला.

आमचं घर बाजार समितीच्या वाटेवर. नाना तिथे मापाडी होते, तोलाईचं काम. मिरचीच्या हंगामात शहाद्याकडून, तळोद्याकडून शेतकरी यायचे, रात्र रात्र गाडीवर काढायचे. सकाळी त्यातला कुणी ना कुणी आमच्या ओट्यावर असायचाच. चहाला नाही म्हणणं आमच्या घरात नव्हतं. आईनं कधी कप मोजून चहा ठेवलेला मला आठवत नाही. ओट्यावर नवा आवाज आला की नाना बाहेरूनच म्हणायचे, "पाणी वाढव." बस, तेवढंच. आई आत पातेल्यात एक पेला पाणी, चिमूटभर पत्ती आणि साखर वाढवायची. चार कपांचा चहा सहा जणांना व्हायचा. आमच्या घराच्या दिलदारपणाची गावात ख्याती होती आणि ती नानांच्या नावावर जमा होती. उभी राहायची ती आई. दिवसातून सात-आठ वेळा. हे मी कौतुकानं लिहीत नाही. नानांनी उभ्या आयुष्यात चहाचं पातेलं गॅसवर ठेवलेलं नव्हतं.

2022 च्या जानेवारीत आई गेली.

त्यानंतरचे काही महिने नानांचा चहा शेजारून यायचा. दोन घरं सोडून काकू राहतात, त्या थर्मास भरून पाठवायच्या. ओट्यावर लोक यायचे, पण बसायचे नाहीत. घरात चहा होणार नाही हे ठाऊक असल्यावर कोण बसणार? फोनवर नाना म्हणायचे, "सगळं ठीक शे." मी विचारायचे, आज कोण आलं होतं? तर म्हणायचे, "कोणी नही."

2023 च्या उन्हाळ्यात त्यांना तीन महिन्यांसाठी लोझानला आणलं. दिवसभर आम्ही कामावर, नाना घरी एकटे. आमची शेगडी काचेची, बोट लावलं की चालू होणारी, ना ज्वाळा ना आवाज. तिला त्यांनी हात लावला नाही. ते मशीनसमोर मात्र उभे राहिले. "हाई काय शे व माय?"

दाखवलं. त्यांनी आधी डब्यांचं खोकं हातात घेतलं. अक्षरं फ्रेंच, पण आकडे तर वाचता येतात. दहा डब्या, आत कॉफी पन्नास ग्रॅमच्या थोडी वर. किंमत विचारली. सांगितली, पाच फ्रँकच्या आसपास. मापाड्याचा हिशोब तोंडी असतो. "म्हणजे शंभर फ्रँक किलो. तुमचा फ्रँक नव्वदच्या वर. नऊ हजार रुपये किलो?" मी मान हलवली. नानांनी डबी अलगद परत ठेवली, सोन्याची असल्यासारखी. मग बटण दाबलं, कप भरला, पाहत राहिले आणि विचारलं, "एकच कप व्हस?"

एकच कप व्हस. मी दिवसभर तोच प्रश्न डोक्यात घेऊन फिरले. बेझ्झेरापासून फाव्रपर्यंत पाऊणशे वर्षं हुशार माणसं याच एका गोष्टीसाठी झटली: एका माणसासाठी एक कप, नेमका, दरवेळी सारखा, आणि करणाऱ्याच्या हाताला काही गुण लागू नये असा. तो त्यांनी साधला. या मशीनमध्ये पाणी वाढवता येत नाही. वाढवायचं बटण आहे, पण ते दाबलं की तेवढ्याच कॉफीवर जास्त पाणी येतं, कप एकच.

पण दुसरीही बाजू आहे, आणि ती मला नानांमुळे दिसली. तिसऱ्या दिवशी कामावरून आले तर टेबलावर एक कप, वर बशी झाकलेली. "तुन्हासाठे." कॉफी गार झालेली होती, दूध नव्हतं, साखर चार चमचे असावी. नानांच्या हातचं मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पीत होते. त्यांचं वय तेव्हा 71. ज्या यंत्रानं करणाऱ्याला काढून टाकलं, त्या यंत्रानंच, करणं कधी न शिकलेल्या एका माणसाला कप हातात धरून दुसऱ्याच्या पुढे ठेवण्याची सोय करून दिली. आई असती तर काय म्हणाली असती ते मला चांगलं ठाऊक आहे. ती म्हणाली असती, "बटण दाबायला चाळीस वर्षं लागली."

पुढची गोष्ट समोरच्या दारातल्या आजोबांची. पोर्तुगीज, एकटे राहणारे. लोझानमध्ये पोर्तुगीज खूप आहेत. नानांना फ्रेंच येत नाही, पोर्तुगीज येत नाही, आजोबांना अहिराणी कुठून येणार? जिन्यात भेट झाली, हातवारे झाले, आणि एका दुपारी मी लवकर घरी आले तर दोघे आमच्या बाल्कनीत. एकाच डबीची कॉफी, मोठ्या कपाचं बटण दाबून काढलेली. निम्मी कपात, निम्मी बशीत. कप पाहुण्यांना दिलेला, बशी नानांनी घेतलेली, फुंकर घालून पीत होते. आजोबाही त्यांच्याकडे पाहून फुंकर घालत होते.

मी म्हटलं, "नाना, दुसरी डबी आहे की, हवी तेवढी घ्या."

"नऊ हजार रुपये किलो," नाना म्हणाले. मग जरा थांबून, "आनि दुसरी व्हईल तवलोंग पहिली थंडी व्हई जास. दोन्ही जण संगे कसा पितीन?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपन्यांकडेही नसावं. दोन जणांनी एकाच वेळी गरम कॉफी पिणं हे या मशीनमध्ये बसतच नाही. बशीत बसतं.

त्या आजोबांना आम्ही नंदुरबारची लाल मिरची पूड दिली. ती तुमच्याच देशातल्या खलाश्यांनी आमच्याकडे आणली असं मी त्यांना सांगितलं, आणि नानांनाही. आजोबांना आनंद झाला. नानांना अजिबात पटलं नाही. आयुष्यभर मिरची तोलली, आणि ती बाहेरची? "मंग आपलं काय शे व?" मी म्हटलं, मोह. फिंचचा किस्सा सांगितला, त्याला मोहाची दारू मानवली नाही हेही सांगितलं. नाना खूश झाले. "त्याले पेता येत नही व्हई."

ऑगस्टच्या शेवटी ते परत गेले. जाताना मशीनबद्दल विचारलं, आपल्याकडे मिळतं का? मी म्हटलं मिळेल, पाठवू का? तर नको म्हणाले. डबी तिथे कोण आणणार, आणि भाव तर ऐकलाच आहे.

दिवाळीला काकूंचा फोन आला. थर्मास परत आला आहे म्हणे. नानांनी तोलाईच्या दिवसांतला एक छोटा काटा घरात काढून ठेवला आहे, गॅसशेजारी. पत्ती त्याच्यावर तोलून टाकतात, एका कपाला अडीच ग्रॅम. सुरुवातीला दोनदा उतू गेला, एकदा पातेलं जळालं. आता जमतो. मला ते फोनवर आकडेच सांगतात, चहा कसा झाला ते सांगत नाहीत. परवा म्हणाले, शहाद्याकडचे पाच जण आले होते, बारा ग्रॅम टाकली होती. मग सहावा आला.

मी विचारलं, मग?

"मंग काय? पाणी वाढवं."